पहिल्या आठवड्यातलं दुखणं : टीएमएस केंद्रांतल्या डॉक्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या टीएमएस केंद्रांत काम करणारे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. डिप्रेशनसाठी मी दोनदा टीएमएसच्या, म्हणजे डोक्याला बाहेरून चुंबकीय ठोके देण्याच्या उपचाराच्या, खुर्चीत बसले आहे. पहिल्या वेळी सहा बैठकांनंतर उठून आले, ती परत गेलेच नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्या केंद्रात 30 बैठका पूर्ण केल्या, एकही चुकवली नाही. उपचार तोच, कपाळाची तीच डावी बाजू, ठोकेही तेवढेच. दुसऱ्या ठिकाणी एक गोष्ट जास्तीची होती. उपचार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पाऊण तास माझ्याजवळ बसून मला संमोहन शिकवलं.

त्या पाऊण तासाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. असा पाऊण तास तुमच्या प्रत्येक केंद्रात, प्रत्येक नव्या रुग्णाला मिळावा, ही माझी मागणी आहे.

हे पत्र रुग्णांचे घरचेही वाचतील, म्हणून आधी थोडं खुर्चीबद्दल. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक कॉइल डोक्याला टेकवतात. तिच्यातून विजेचा जोरदार झटका क्षणभर जातो, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते कवटीतून आत जाऊन मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा विद्युतप्रवाह उठवतं. इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिप्रेशनसाठी त्याला 2008 मध्ये मान्यता दिली. नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला 10 ठोके, असे 4 सेकंद, मग 26 सेकंद विश्रांती. हे 75 वेळा. म्हणजे साडेसदतीस मिनिटांत 3000 ठोके. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. भूल नाही, झोप नाही, रुग्ण टक्क जागा असतो.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते वाटेत जे येतं त्याला : टाळूच्या कातडीतल्या नसा, कपाळाचे आणि कानशिलाचे स्नायू. प्रत्येक ठोक्याला माझी डावी भुवई उडायची. ठोके सुरू झाले की वरच्या दाढांच्या मुळाशी कुणीतरी सुई टोचत आहे असं वाटायचं. तुम्ही याला 'डिसकंफर्ट' म्हणता. छापील माहितीपत्रकातही तोच शब्द असतो. पहिल्या दिवशी मला विचारलं असतं तर मी दहापैकी आठ सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही.

पहिल्या केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, घाईत होती. संमतीपत्र चार पानांचं, सगळं इंग्रजीत. खुणेच्या जागी सही केली. तंत्रज्ञ मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा असेल. डोक्याला टोपी बसवून त्याने मापं घेतली, मग एक-एक ठोका देत उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते पाहिलं आणि त्यावरून जोर ठरवला. इथवर ठीक होतं. मग म्हणाला, "काकू, आता दुखेल हां. सगळ्यांनाच दुखतं. हलू मात्र नका, नाहीतर जागा चुकेल." आणि बटण दाबून तो संगणकाकडे वळला.

मी हलले नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. त्या 26 सेकंदांच्या विश्रांतीत मला विश्रांती मिळतच नव्हती, पुढचे ठोके कधी येतात याची वाट पाहण्यात ती संपायची. तिसऱ्या दिवशी मी पुण्यातल्या कर्वेनगरहून रिक्षाने येताना रस्त्यातच दात आवळायला लागले. मावसबहिणीकडे राहत होते, तिला रात्री वाटलं मी उपचाराने जास्तच आजारी पडले आहे. सहाव्या दिवशी मी म्हटलं, मला जमत नाही. उत्तर आलं, "थोडं सहन करा, पुढच्या आठवड्यात सवय होते."

ते खोटं नव्हतं. बहुतेकांचं दुखणं पहिल्या आठवड्यानंतर उतरत जातं, हे मला आता माहीत आहे. पण ज्या माणसाला सकाळी दात घासायला उठणं जड जातं, त्याला पुढचा आठवडा दाखवून काय उपयोग? डिप्रेशनमध्ये पुढचा आठवडा दिसत नाही, तोच तर आजार आहे. औषधं लागू पडली नाहीत म्हणून आम्ही तुमच्याकडे येतो. इथूनही उठून गेलो की घरी जाऊन मनाशी एकच नोंद होते, हेही माझ्यावर चाललं नाही. वास्तविक ते चाललं की नाही हे कळण्याइतकं मी बसलेच नव्हते. मधले आठ महिने मी त्या चुकीच्या समजुतीत काढले, आणि ते महिने चांगले नव्हते. एवढंच लिहिते.

हे माझ्या एकटीचं नाजूकपण नव्हे. ज्या मोठ्या चाचणीच्या जोरावर अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली, तिच्यात 301 रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. खरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे 36 टक्के रुग्णांनी कॉइलच्या जागी दुखत असल्याचं सांगितलं. तुलनेसाठी नुसता दिखाव्याचा, खोटा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास होतं. दर तिघांमागे एक. तुमच्या प्रतीक्षाकक्षात सकाळी सहाजण बसलेले असतील तर त्यातले दोघं.

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. वर्षानुवर्षं तसे शॉक दिले गेले, रुग्णांच्या संघटना आणि अनेक डॉक्टर त्याविरुद्ध बोलत राहिले, आणि शेवटी कायद्याने ती मर्यादा घातली. टीएमएसला भूल लागत नाही हा त्याचा मोठा गुण आहे, मी तो नाकारत नाही. पण त्याच गुणामुळे इथलं दुखणं कुणाच्याच यादीत येत नाही. धोका नाही ना, मग झालं. त्याच कायद्यात हेही आहे की संमती घेताना माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा रीतीने द्यायची. माझी चार इंग्रजी पानं त्यात कशी बसतात, ते तुम्हीच सांगा.

आता दुसऱ्या केंद्राबद्दल.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाई तिशीतल्या, सोलापूरकडच्या. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्या मला 'बाई' म्हणायला लागल्या. पहिला अर्धा तास त्यांनी मशीनचं नावसुद्धा काढलं नाही. लहानपणी कुठल्या आवाजात गाढ झोप लागायची, असं त्यांनी विचारलं. मला काही आठवेना. मग एकदम आठवलं, आईचं पायमशीन.

माझी आई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. माजघरात खिडकीखाली तिचं काळं मशीन होतं आणि मी मशीनच्या शेजारी गोधडीवर पडून गृहपाठ करायचे. टकटकटकटक अशी एक टीप, मग थांबा. कापड फिरवायचं, कड दुमडायची, दोरा दातांनी तोडायचा. पुन्हा टीप. दिवाळीच्या आधी रात्री अकरापर्यंत हा आवाज चालायचा आणि मी त्यातच झोपून जायचे.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो बाई, चार सेकंद टीप आणि सव्वीस सेकंद कापड फिरवायला. आमचं मशीन तर तुमच्या आईच्या मशीनसारखंच चालतं."

मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. श्वास, खांदे, जबडा, एकेक करून सैल. सावकाश बोलत होत्या, वाक्य श्वास सोडण्याच्या वेळेवर पडेल असं. उजवा हात माठावर ठेवला आहे अशी कल्पना करा म्हणाल्या. उन्हाळ्यातला माठ, बाहेरून ओला, गार. तळव्याला गारवा लागतो, मग बोटांना, मग हात किंचित बधिर होतो. मला खरंच तसं वाटायला लागलं. मग तो हात उचलून डाव्या कानशिलावर ठेवायला लावला आणि गारवा तिथे उतरू द्यायला सांगितला. ही युक्ती जगभर संमोहनात वापरतात, हाताला बधिर करून ते बधिरपण दुखऱ्या जागी न्यायचं. माठ मात्र त्यांचा स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना त्या दहा मिनिटं शेजारी होत्या. तंत्रज्ञाने जोर एकदम पूर्ण न लावता पायरीपायरीने वाढवला. ठोके सुरू झाले. भुवई उडत होती, दाढेत टोचतही होतं, सगळं कळत होतं. पण मी माजघरात होते. टीप संपली की आई कापड फिरवत होती, आणि ते 26 सेकंद पहिल्यांदाच माझे झाले. त्या दिवशी मला विचारलं गेलं, दहापैकी किती. मी तीन सांगितलं. पाचव्या दिवसापासून बाई आल्या नाहीत, गरज नव्हती. माठ आणि मशीन मी माझं मीच लावत होते.

घरी हे सांगितल्यावर माझे दीर म्हणाले, "वहिनी, आता हे वशीकरण कुठून काढलं?" त्यांचा दोष नाही. आपल्याकडे संमोहन म्हटलं की एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती आठवतात, नाहीतर गणेशोत्सवातले स्टेजवरचे प्रयोग, जिथे कुणाला तरी कोंबड्यासारखं आरवायला लावतात. माझ्या मते तुमच्यातले बरेचजण या विषयापासून लांब राहतात ते याच धास्तीने, की लोक आपल्याला मांत्रिकांच्या रांगेत बसवतील. ज्या राज्याने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तिथे डॉक्टरांना ही काळजी वाटावी, हे मला समजतं. म्हणून स्पष्ट सांगते. मी एका क्षणालाही कुणाच्या ताब्यात नव्हते. वरचा पंखा ऐकू येत होता, बाहेर कुणी चहा मागवला तेही कळलं. वाटलं असतं तर डोळे उघडून उठून गेले असते. लक्ष एका जागी इतकं गोळा झालं होतं की दुखण्याला पहिल्या रांगेत बसायला जागा उरली नाही, याहून जास्त त्यात काही नव्हतं.

आणि हा विषय आपल्या देशाला परका तर मुळीच नाही. जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर 1845 मध्ये बंगालात हुगळीला होता. भूल देणारे ईथर आणि क्लोरोफॉर्म अजून यायचे होते. त्याने त्या काळी मेस्मेरिझम म्हणत त्या पद्धतीने रुग्णांना गुंगवून मोठमोठ्या गाठींच्या शस्त्रक्रिया केल्या. पुढच्या वर्षी सरकारने समिती नेमून त्याचं काम तपासलं आणि त्याला कलकत्त्यात छोटं रुग्णालय दिलं. रुग्णांजवळ तासन् तास बसून हे गुंगवण्याचं काम बरंचसं त्याचे देशी सहायक करत. त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत, मला ते नेहमी खटकतं. नंतर ईथर आलं, क्लोरोफॉर्म आलं, आणि हे मागे पडलं. त्याची कारणमीमांसा, ती अदृश्य चुंबकीय शक्ती वगैरे, चुकीचीच होती. रुग्णांचं दुखणं कमी झालं हे मात्र समितीलाही दिसलं.

आजचा पुरावा यापेक्षा पुष्कळ पक्का आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये पिएर रेनव्हिल यांनी 1997 मध्ये लोकांचे हात कडक गरम पाण्यात ठेवले आणि संमोहनात फक्त एवढंच सुचवलं, की याचा त्रास कमी वाटेल किंवा जास्त वाटेल. स्पर्श टिपणाऱ्या मेंदूच्या भागात फारसा फरक पडला नाही. दुखण्याचा 'जाच' ठरवणाऱ्या पुढच्या भागातलं काम मात्र सूचनेप्रमाणे बदललं. मला खुर्चीत जे झालं ते नेमकं हेच होतं, टोचणं कळत होतं, जाच नव्हता. अमेरिकेतल्या डॉक्टर एल्व्हिरा लँग यांनी 241 रुग्णांवर केलेला अभ्यास 2000 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात नळी घालण्याच्या प्रक्रिया, रुग्ण जागे. नेहमीच्या पद्धतीत वेळ जाईल तसं दुखणं चढत गेलं, संमोहन मिळालेल्यांचं चढलं नाही. त्यांना औषधही कमी लागलं आणि प्रक्रिया लवकर आटोपली. बेल्जियममधल्या लिएज इथे तर 1992 पासून हजारो शस्त्रक्रिया संमोहन आणि अगदी हलकं औषध एवढ्यावर झाल्या आहेत.

याच लँगबाईंचा 2005 चा अभ्यास तुमच्या प्रत्येक तंत्रज्ञाने वाचावा. 'आता टोचेल', 'आता आग होईल' अशी सूचना आधी दिली तर रुग्णाला दुखतंही जास्त आणि भीतीही जास्त वाटते, असं त्यात आढळलं. "काकू, आता दुखेल हां." तो मुलगा चांगल्या मनाने बोलला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्याचं वाक्यही उपचाराचा भाग आहे. माहिती लपवा असं मी म्हणत नाही. संमती घेतानाच नीट बसवून मराठीत सांगा की काही जणांना दुखतं, किती, किती दिवस. बटण दाबताना मात्र "आता ठोके सुरू होतील, श्वास सोडा" एवढं पुरे.

हे सगळे अभ्यास दुसऱ्या प्रक्रियांमधले आहेत, टीएमएसच्या खुर्चीतले नाहीत, हे मी जाणून आहे. पण दोन्ही विद्यांचं नातं जुळायला लागलं आहे, तेही उलट्या बाजूने. स्टॅनफर्ड विद्यापीठात फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आजाराच्या, 80 रुग्णांवरचा एक प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डाव्या कपाळामागच्या त्याच भागाला दीड मिनिटाच्या आसपास चुंबकीय ठोके दिले आणि संमोहित होण्याची क्षमताच तात्पुरती वाढली. तासाभरात परिणाम ओसरला. माणसाची ही क्षमता जन्मभर जवळजवळ तशीच राहते असं मानलं जायचं. म्हणजे ज्या खुर्चीत आम्ही दात आवळून बसतो, तिथलंच यंत्र संमोहनाला मदत करू शकतं. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात मुलांना धडा सोडून हेच सांगत बसले.

सगळ्यांना हे सारखं जमेल असा माझा दावा नाही. काहीजण चटकन संमोहनात जातात, काहींना जवळजवळ जमतच नाही, आपण बाकीचे मधे कुठेतरी. ज्यांना भास होतात, ज्यांचं वास्तवाशी असलेलं नातं सुटतं, त्यांच्या बाबतीत निर्णय तुमचा. शिकवणारी व्यक्ती प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ किंवा डॉक्टरच हवी, रविवारचा कोर्स करून आलेली नको. आणि दुखणं बोथट करताना धोक्याची घंटा बोथट होता कामा नये. माझ्या बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून दिलं होतं, डावा हात वर केला की मशीन बंद, कारण विचारणं नंतर. वेगळं काही जाणवलं, भाजल्यासारखं वाटलं, तर संमोहनातूनही हात वर करायचा. मशीनच्या आवाजासाठी कानात घातलेली बोंडं काढायची नाहीत, कितीही शांत वाटलं तरी. जोर हळूहळू वाढवणं, कॉइल किंचित फिरवून पाहणं हे तुमचे नेहमीचे उपाय तर हवेतच.

खर्चाचं म्हणाल, तर तुमच्यापैकी अनेकांकडे मानसशास्त्रज्ञ आधीपासून पगारावर आहेत, शेजारच्या खोलीत समुपदेशन करतात. त्यांचा एक पाऊण तास आणि पहिल्या चार दिवसांची दहा-दहा मिनिटं, एवढंच मागते आहे. अर्ध्यावर गेलेल्या रुग्णाची रिकामी खुर्ची त्याहून महाग पडते, तुम्हालाही आणि त्यालाही. आणि पहिल्या आठवड्यात रोज दहापैकी किती ते विचारून लिहून ठेवा. ज्यांनी संमोहन घेतलं आणि ज्यांनी नाही, ते किती बैठकांपर्यंत टिकले याच्या नोंदी दोन-तीन केंद्रांनी मिळून वर्षभर ठेवल्या तरी महाराष्ट्रातून सांगण्यासारखं काही हाती येईल.

ज्या केंद्रात मानसशास्त्रज्ञ रोज येऊ शकत नाहीत तिथे ध्वनिफीत चालेल. मी शोधलं, मला मिळाल्या त्या इंग्रजीत होत्या, समुद्रकिनारा आणि बर्फाच्या. माण-खटावच्या बाईला बर्फ कसा आठवणार? तिला माठ हवा, विहिरीची पायरी हवी, पहाटेचं जातं हवं. मजकूर तुमच्या तज्ज्ञांनी लिहावा आणि तपासावा, त्यात मी लुडबूड करणार नाही. मराठी सोपं करून द्यायचं काम आणि आवाज माझा. तीस वर्षं वर्गात वाचते आहे, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि हळूही होतो. शाळा साडेपाचला सुटते, त्यानंतर आणि रविवारी मी मोकळी आहे. पुण्याला यायची तयारी आहे.

आपली,
एक रुग्ण, 30 बैठका पूर्ण केलेली
जिल्हा सातारा